पौर्णिमा ऊर्फ प्रणाली

किशोरला कागदाचा राग नव्हता, त्यातल्या दोन शब्दांचा होता. बहिणीनं अकोल्याहून, सासरी बसून, व्हॉट्सअपवर मसुदा पाठवला होता आणि त्यात टाईप केलं होतं, 'रक्ताचे नातेवाईक'. आता बहीण रक्ताची असते ही काय स्टँपपेपरवर लिहून द्यायची गोष्ट आहे? अन् द्यायचीच तर आजच काहून? बाबा जाऊन साडेचार वर्षं झाली. तेव्हा विमानं बंद म्हणून ती आली नाही, फोनवर रडली, दरवर्षी राखी कुरिअरनं धाडली, आणि आता डिसेंबरच्या सुटीत आली ती एकदम रक्तावरच आली.

त्यानं तो मसुदा जानरावांना दाखवला. जानराव म्हणजे वलगावचे जुने जाणते. स्वतःच्या धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, भांडणात अमरावतीच्या कोर्टात बावीस वर्षं हेलपाटे घालून अर्धे वकील झालेले, आणि खटला हरलेले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, मोबाईल नाकाशी नेला अन् सावकाश वाचलं.

"किशोर," ते म्हणाले, "बहीण परदेशातून चाकलेट घेऊन आली तं खायाचं. कागद घेऊन आली तं जपून राहाचं."

झालं. त्या दिवसापासून किशोर जपून राहायला लागला. आता जानरावांना सगळी गोष्ट ठाऊक नव्हती, हेही सांगितलं पाहिजे. सगळी गोष्ट किशोरला ठाऊक होती.

रविवारी शेतात रोडग्यांचा बेत ठरला. वलगावच्या पुढे मेहऱ्यांचं पाच एकर, अर्ध्यात वांगी अन् मेथी, अर्ध्यात गेंदा, म्हणजे झेंडू. धाकटा विपुल अमरावतीत शिकवणीचे वर्ग घ्यायचा, तोच बहिणीला बडनेऱ्याच्या स्टेशनवरून गाडीत घेऊन आला. ती उतरली, आईच्या पाया पडली, वहिनीच्या गळ्यात पडली, अन् लगेच मोबाईल काढून विहिरीचा फोटो घेतला. मग आंब्याचा. मग चक्क धुऱ्याचा. धुऱ्याधुऱ्यानं चालत ती पार टोकापर्यंत गेली अन् परत आली.

"प्रतीक्षाले दाखवाले," ती म्हणाली. प्रतीक्षा म्हणजे तिची पोरगी, चौदा वर्षांची, तिकडे कॅनडातच बापाजवळ राहिलेली.

चौदा वर्षांच्या पोरीला धुरा पाहून काय करायचं आहे, असं किशोरच्या मनात आलं. बहीण चालत होती तेव्हा तिची पावलं तो मोजत होता आणि आपण मोजतो आहोत याची त्याला लाजही वाटत होती. ही तीच बहीण, जिला त्यानं सायकलच्या दांडीवर बसवून परीक्षेला नेलं होतं. पण एकदा संशय घरात शिरला की तो पाहुण्यासारखा जात नाही, घरच्यासारखा राहतो.

किशोरच्या बायकोनं, शालूनं, निखाऱ्यातून रोडगे काढले, फडक्यात घेऊन राख झटकली, फोडून त्यावर तूप सोडलं. वांग्याची भाजी पातेल्यातच होती. सगळे आंब्याखाली बसले. आई, मैनाबाई, खुर्चीत, कारण गुडघे. दोन घास झाले अन् बहिणीनं विषय काढलाच.

"दादा, उद्या सोमवार हाये. नोटरी उघडा असन. माय अन् तू, दोघंच पाह्यजे. अर्ध्या घंट्याचं काम."

"उद्या मले गेंदा काढाचा हाये."

"मंग मंगयवारी."

"मंगयवारी बाजार."

"मी शुक्रवारी परत चालली, दादा. एकतीस जानेवारीले माही फाईल बंद होते."

"बंद झाली तं उघडता येत नाई का?" किशोर म्हणाला अन् भाजीकडे पाहत राहिला. "एवढा मोठा देश, अन् एक फाईल उघडत नाई?"

विपुल हसला. ती हसली नाही. कॅनडात सहा वर्षं राहूनही ती माहेरी आली की 'मी येतो, मी जातो' असंच बोलायची, पुरुषासारखं, इथल्या सगळ्या बायका बोलतात तसं. तिनं पाण्याचा घोट घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतलं. फोनवर तिनं हे चार वेळा सांगितलं होतं.

"पाहा, मी तिकडं शाळेत जातो, पन मास्तरीन म्हनून नाई. पोरं डबे खातात तवा त्याईच्यावर नजर ठेवतो. जॅकेटची चेन लावून देतो. एक पोरगी भागाकार करून राहिली होती, चुकत होती. मी पेन्सिल घेतली अन् दाखवलं. तं त्या बाई आल्या, लय गोड बोलल्या, म्हने हे तुमचं काम नाई. दादा, मी अकोल्याले अकरा वर्षं गनित शिकवलं. तिकडं मले भागाकार दाखवाची परवानगी नाई."

मैनाबाईनं रोडग्याचा तुकडा ताटात मोडला आणि तसाच ठेवला.

"त्याईचं शिक्षकाईचं मंडळ हाये," ती पुढे म्हणाली. "त्याईनं नोंद केली तं मी मास्तरीन. सगळं देलं मी. युनिव्हर्सिटीनं गुनपत्रिका परस्पर धाडल्या, मोहोरबंद लिफाफ्यात, आपन हात लावला तं बाद. इंग्रजीची परीक्षा दोनदा देली, दुसऱ्यांदा पास झाली. बी.एड.चे पाठ किती घेतले ते लिहून आनलं. अकोल्याच्या शाळेनं लिहून देलं का बाई चांगली होती, कोनाची तक्रार नाई. आता एकच अडलं. नाव."

नावाची गोष्ट सगळ्यांना माहीत होती. शाळेपासून बी.एड.पर्यंत प्रत्येक कागदावर ती पौर्णिमा नत्थुजी मेहरे. मग अकोल्याच्या राखोंड्यांकडे लग्न झालं. सासू गंगूबाईंनी ताटात तांदूळ पसरले, अंगठीनं लिहायला लावलं, 'प्रणाली'. लग्नाच्या दाखल्यावर प्रणाली, पासपोर्टवर प्रणाली. अकोल्याच्या शाळेतल्या हजेरीपटावर तेवढं लिहिलेलं, 'सौ. प्रणाली राखोंडे', आणि पुढे कंसात 'पौ. न. मेहरे'. कंसातली बाई आपल्याकडे चालते. तिकडे चालत नाही.

"राजपत्रात छापून घेतलं," ती म्हणाली, "तं ते म्हनतात, हे तुमचं तुमीच छापलं. जन्मापासून ओयखते अशा दोन रक्ताच्या मानसाईनं शपथेवर सांगा, का पौर्णिमा अन् प्रणाली एकच बाई हाये. एवढंच. माह्या एका सहीनं मी मास्तरीन होत नाई दादा, तुह्या सहीनं होतो."

"पाहू," किशोर म्हणाला.

मेहऱ्यांच्या घरात 'पाहू' म्हणजे नाही. नत्थुजींच्या काळापासून हाच अर्थ आहे.

*

शालू भांडी घासायला विहिरीवर गेली तेव्हा नणंद मागे आली आणि राखेनं पातेलं घासू लागली. शालूला ते आवडलं नाही. परदेशातली बाई भांडी घासायला बसली म्हणजे तिला काहीतरी काढून घ्यायचं असतं, असं तिला वाटलं.

"वहिनी, दादाले काय झालं?"

"कायले काय होते त्याईले. थकले."

"मी काई चुकली का? विपुलले तिकडं कॅनडात याचं बोलावनं पाठवाले दादानं मागं सांगलं होतं, मले जमलं नाई. त्याचा राग हाये का?"

म्हणजे हिलाही संशय आहे तर, शालूला वाटलं. तिनं खरंखरं सांगितलं, म्हणजे तिला ठाऊक होतं तेवढं. "ताई, राग नाई. भेव हाये. जानरावकाका म्हनले का तुमी जमिनीत हिस्सा मांगाले आल्या."

पौर्णिमा, म्हणजे प्रणाली, पातेलं हातात धरून तशीच बसली. मग तिला हसू आलं, अन् हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यानंतर खरोखरचा राग आला. राग यायलाच पाहिजे होता. सहा वर्षं दुसऱ्यांच्या पोरांच्या चेनी लावून ती इथे आली होती आणि इथे तिची पावलं मोजत होते.

ती तडक आंब्याखाली गेली. "दादा, मले जमीन नाई पाह्यजे. तुले लेखी पाह्यजे का? देतो. पन माहं काम अडवू नको. तुले सही कराचं भेव वाटते तं नको करू. बाबाच्या मांगं वारसाचा कागद झाला असन ना? त्यात आपल्या तिघाईचे नाव असतीन. पौर्णिमा नत्थुजी मेहरे, लग्नानंतर प्रणाली, असं काई. तो जोडला तरी चालते. तुहं नावबी नाई येत मधात."

तिनं हे अगदी साधेपणानं सांगितलं. पण विपुलनं मोबाईल खाली ठेवला, मैनाबाईनं पदर सारखा केला, आणि किशोर उठून उभा राहिला.

"तो कागद घरी नाई," किशोर म्हणाला.

"काहून, हाये ना," शालू हात पुसत म्हणाली. "हिरव्या फाईलीत. मोटरच्या कनेक्शनले लागला होता, तवापासून ते फाईल गाडीच्या डिक्कीतच हाये तुमच्या. आनतो मी."

"शालू, राहू दे."

पण शालूला त्यात काय आहे ते माहीत नव्हतं. कटकट मिटली तर बरीच, म्हणून ती गेली आणि फाईल आणून नणंदेच्या हातात दिली. नवऱ्यानं 'राहू दे' म्हटल्यावर ती कधी थांबत नसे, हा तिचा जुना गुण होता. आजवर त्यानं कुणाचं नुकसान झालं नव्हतं.

प्रणालीनं वाचलं. शपथपत्र होतं, शंभरच्या स्टँपवर, नत्थुजींच्या तेरवीनंतर आठ दिवसांनी केलेलं. खाली किशोरची सही, विपुलची सही, मैनाबाईचा अंगठा. वर वारसांची नावं. पत्नी मैनाबाई. मुलगा किशोर. मुलगा विपुल. आणि त्याखाली: 'मुलगी पौर्णिमा, मयत, अविवाहित, निर्वंश.'

तिनं ते दुसऱ्यांदा वाचलं. तीन शब्द, अन् तिन्ही खोटे. सतरा वर्षांचा संसार, चौदा वर्षांची पोरगी, आणि ती स्वतः राखेनं भरलेल्या हातांनी तिथे उभी.

"दादा," ती म्हणाली, "मी कवा मेली?"

किशोर खाली बसला. बोलायला लागला तेव्हा फार भरभर बोलू लागला. "पाह्य, तसं नाई ते. मी मुद्दाम नाई केलं. अर्ज लिहिनारा घरी आला होता. मायले इचारलं, आजी, लेकरं किती? माय म्हने दोन पोरं. तो म्हने पोरगी? राशनकार्डात पौर्णिमा लिहेल हाये. माय म्हने, पौर्णिमा गेली. आता तुले तं मालूम हाये, माय तुहं पयलं नाव घेतच नाई. तांदयावर नाव लिहिलं का पयलं नाव गेलं, असंच म्हनते. ते म्हने गेली, म्हंजे सासरी गेली. त्यानं लिवलं मयत. घर सगळं दुखात. कोन वाचते?"

"अविवाहित कोन म्हनलं?"

"ते त्यानंच लिवलं. आडनाव मेहरेच होतं ना."

"अन् तू वाचलं नाई."

"वाचलं होतं," किशोर म्हणाला. "घरी आल्यावर. मंग वाटलं, आता कायले उकराचं. तू तिकडं, तुले काय कराचं इथलं. बाबाले तीन वर्षं मी उचलून संडासले नेलं, पौर्णे. मी इथं राहिलो. मले वाटलं, हे देवानंच करून देलं."

हे त्यानं खरं सांगितलं, अन् ते ऐकून प्रणालीला त्याचा थोडा कमी राग आला. पण तेवढ्यात विपुल पेटला.

"दादा, माही सही हाये त्याच्यावर. तवा मी पुन्याले होतो, तू मले बोलावलं, म्हने इथं-इथं कर. मी केली. मी पोरांले शिकवतो, का वाचल्याबिगर पेपर लिहू नका. अन् मीच माह्या बहिनीच्या मरनावर सही केली?" मग त्याला आणखी काही सुचलं आणि त्याचा चेहरा बदलला. "उद्या मी बाहेरगावी जाईन तं माहं काय लिहिशीन? विपुल, मयत?"

"तू तोंड सांभाय."

"फाईल दे ताई, मले पुरी वाचू दे. बाकी काय काय हाये त्याच्यात पाहू दे."

सकाळी दोघे भाऊ एका बाजूला होते. दुपारी तीनपर्यंत विपुल फाईल मांडीवर घेऊन भावाकडे पाठ करून बसला होता. आणि शालू अजून उभीच होती. तिचं लक्ष किशोरकडे नव्हतं, कुणाकडेच नव्हतं. तिचं माहेर बाळापूरचं आणि माहेरचं नाव सत्यवती. 'शालू' हे याच घरानं तांदळावर लिहिलेलं. दोन भाऊ होते तिला. वडील गेले तेव्हा तिलाही कुणी काही विचारलं नव्हतं.

"मंग माह्या माहेरी," ती हळूच म्हणाली, "मी जिती हाये का मेली?"

ती गोठ्याकडे गेली आणि बाळापूरला फोन लावून बसली.

मैनाबाई खुर्चीतच होती. पदराची कड बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, मधेच डोळ्यांना लावत होती. प्रणाली जाऊन तिच्या पायाशी बसली. "माय, तू कायले रडतं? तुही काई चूक नाई. तू सासरी गेली म्हनलं. त्यानं उलटं लिवलं, त्याले तू काय करशीन?"

मैनाबाईनं लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. मग तो लगेच काढून घेतला.

किशोर थोड्या वेळानं जवळ आला. मधल्या काळात त्यानं जानरावांना फोन केला होता, हे त्याच्या चालण्यावरूनच कळत होतं. "करतो मी सही," तो म्हणाला. "पन पयले तू हक्कसोड दे. जमिनीत माहा हक्क नाई, असं लिहून दे. मंग मी उद्याच्या उद्या येतो."

"देतो म्हनलं ना. पन एक सांग. मेलेली बाई हक्क सोडन कशी?"

किशोरला ते पटकन उमजलं नाही.

"कागदावर मी मेली, दादा. मेल्या मानसाची हक्कसोड कोनता साहेब घेईन? पयले मले जिती कर. मंग जिती बाई सोडन. दुसरा रस्ताच नाई तुले."

विपुल फाईलीतून मान वर करून मोठ्यानं हसला. किशोरनं त्याच्याकडे रागानं पाहिलं, पण गणित बरोबर होतं आणि गणितात बहिणीशी त्याचं लहानपणापासून कधी जमलं नव्हतं.

"एकाच टेबलावर," तो म्हणाला. "पयले मी, लगेच तू. दोन्ही कागद सोबत."

"एकाच टेबलावर," ती म्हणाली.

*

अमरावतीच्या कोर्टाबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये टेबलं मांडलेली असतात. सोमवारी अकराला चौघंही तिथे पोचली. शालू आली नाही. तिचा भाऊ 'नंतर सांगतो' म्हणाला होता, अन् ती सकाळच्या एस.टी.नं बाळापूरला निघाली होती. गेंद्याच्या काढणीला किशोरनं जानरावांच्या माणसांना लावलं होतं. त्याच्या शर्टाच्या खिशात हक्कसोडीचा मसुदा होता, सकाळी टाईप करून आणलेला. नोंदणी पुढे व्हायची होती, पण सही आजच हवी होती त्याला.

विपुल बहिणीच्या बाजूला उभा राहिला, मुद्दाम, किशोरला दिसेल असा.

प्रणालीचं मन मात्र त्या मसुद्यात नव्हतंच. तिनं रात्रीच ठरवून टाकलं होतं, देऊन मोकळं व्हायचं. पाच एकरांत तिला काय पिकवायचं होतं? तिला फळा पाहिजे होता. नोंद झाली असती तर सप्टेंबरमध्ये सहावीचा वर्ग मिळायची शक्यता होती, तिथल्या मुख्याध्यापिका तसं बोलल्या होत्या. भाऊ भित्रा होता, लबाडही होता थोडा, पण बाबांना त्यानं खरंच उचललं होतं. आईची तर काहीच चूक नव्हती. एवढं धरून चाललं की तिला सहज सही करता येणार होती.

नोटरी मध्यमवयीन होते, सर्दी झालेले. त्यांनी आधार कार्डं पाहिली, पौर्णिमाचा दहावीचा दाखला पाहिला, प्रणालीचा पासपोर्ट पाहिला, दोन्हींवरची जन्मतारीख ताडून पाहिली अन् मग तिच्याकडे पाहिलं.

"कॅनडाला का?"

"हो, साहेब. शिक्षकाच्या नोंदीसाठी."

"भाऊ कोन? करा सही. इथं, अन् इथं."

किशोरनं पेन घेतला. 'पौर्णिमा ही माझी सख्खी बहीण असून हयात आहे', या ओळीवर तो बराच वेळ पाहत होता. मग त्यानं सही केली, दोन्ही ठिकाणी, आणि खिशातला मसुदा काढून बहिणीसमोर टेबलावर ठेवला. त्यावर पेनही ठेवला. प्रणालीनं पेन उचलला.

"थांबा, आधी हे पुरं होऊ द्या," नोटरी म्हणाले. "आजी, सही करता का आंगठा?"

"आंगठा," मैनाबाई म्हणाली.

"मंग वाचून दाखवावं लागन. तुमच्या भाषेत समजलं पाह्यजे, तवाच आंगठा घेता येते." त्यांनी नाक पुसलं आणि कागद उचलला. "मी, मैनाबाई नत्थुजी मेहरे, वय त्र्याहत्तर, शपथेवर..."

"वाचू नका, बापू," मैनाबाई म्हणाली.

"आजी, नियम हाये."

"मालूम हाये मले नियम. मांगच्या खेपेले त्या साहेबानं बी वाचून दाखवलं होतं." तिचा आवाज लहान होता पण स्पष्ट होता, शेजारच्या टेबलावरच्या माणसानंही वळून पाहिलं. "मयत, अविवाहित, निर्वंश. दोनदा वाचलं होतं त्यानं. मी इचारलं होतं निर्वंश म्हंजे काय, तं त्यानं समजावून सांगतलं. समजूनच आंगठा देल्ला मी."

किशोरनं डोळे मिटून घेतले. म्हणजे त्यालाही हे नवं नव्हतं.

"माय," प्रणाली म्हणाली.

"कालपासून तू मले माफ करून राहिली, बाई. मले सहन नाई झालं ते." मैनाबाईनं लेकीकडे पाहिलं नाही, टेबलावरच्या शाईच्या पॅडकडे पाहिलं. "मले किशोरजवय राहाचं होतं. तू दूर होती. याच्या घरात मराचं होतं मले. मी म्हनलं, ते तिकडं सुखात हाये, तिले काय फरक पडते. लेक हाये, माफ करन."

विपुलनं तोंड फिरवलं. नोटरींनी कागद खाली ठेवला. त्यांनी आयुष्यात पुष्कळ घरं या टेबलावर पाहिली असतील.

प्रणालीला वाटलं, आपण आता रडू. रडू आलं नाही. भावानं लपवलं ते तिला समजत होतं, त्यात तिला हिशेब दिसत होता, भीती दिसत होती. आईनं अर्थ विचारून घेतला होता. अर्थ कळल्यावर अंगठा दिला होता. हे कुठल्या बाजूनं धरायचं ते तिला कळेना, आणि एकतीस जानेवारी तर तिथेच उभी होती.

"साहेब," ती नोटरींना म्हणाली, "तुमी वाचा. पुरं वाचा."

नोटरींनी पुन्हा वाचलं, पहिल्यापासून, सावकाश. पौर्णिमा आणि प्रणाली या दोन्ही नावांची व्यक्ती एकच असून ती माझी मुलगी आहे व ती आजरोजी हयात आहे. मैनाबाई प्रत्येक वाक्याला मान हलवत होती.

"समजलं का, आजी?"

"समजलं."

"लाव आंगठा, माय," प्रणाली म्हणाली. "मले उशीर होऊन राहिला."

मैनाबाईनं अंगठा लावला. नोटरींनी शिक्के मारले, सही केली, कागद प्रणालीच्या हाती दिला. तिनं तो पिशवीतल्या प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये सरळ ठेवला, कोपरा दुमडू नये म्हणून दोनदा पाहिलं. मग हातातला पेन किशोरच्या समोर खाली ठेवला.

"अन् हे?" किशोरनं मसुद्यावर बोट ठेवलं. "एकाच टेबलावर ठरलं होतं, पौर्णे."

तिनं मसुदा उचलला, घडी केली अन् त्याच फोल्डरमध्ये टाकला.

"हे मी संग नेतो, दादा. सावकाश वाचतो," ती म्हणाली. "आपल्या घरी समजून घेतल्याबिगर कोनी आंगठा देत नाई."